नदी एक, नगरपालिका अनेक

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत, तासाभराच्या लोकल प्रवासाच्या अंतरात, एकीकडे प्रलय होता आणि दुसरीकडे जुलैतला एरवीचा पाऊस. त्या दिवसाची आठवण मुंबईने मिठी नदीच्या नावाने जपून ठेवली आहे. परंतु त्याच दिवशी उल्हास नदी बदलापूर आणि कल्याणच्या वस्त्यांत शिरली होती, हे मुंबईकरांच्या फारसे ध्यानात राहिलेले नाही. मिठीसाठी काही आठवड्यांतच स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. उल्हासच्या वाट्याला तशी घाई आली नाही.

चौदा वर्षांनी, २७ जुलै २०१९ रोजी, उल्हासने आपली ओळख पुन्हा करून दिली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदल आले, आसपासच्या गावांतील लोक धावून आले आणि सर्व प्रवासी सुखरूप सुटले. सुटकेचे कौतुक झाले व ते योग्यच होते. पण हा पूर कोणाचा, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. गाडी रेल्वेची, नदी पाटबंधारे खात्याची, काठावरच्या इमारतींना परवानगी नगरपालिकांची, डोंगरउतारावरील जंगल वनखात्याचे आणि पाऊस कोणाचाच नाही. सर्वांची असलेली गोष्ट कोणाचीच नसते, या जुन्या अनुभवाचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

हवामानबदलाची चर्चा आता परिषदांच्या सभागृहांतून नगरपालिकांच्या कचेऱ्यांपर्यंत येऊन पोचली आहे, ही समाधानाची बाब आहे. तथापि ती तेथे पोचल्यावर प्रत्येक कचेरीच्या चार भिंतींत अडकून पडली आहे. शहरे एकेकटी राहून या संकटाला तोंड देऊ शकत नाहीत. आपापल्या प्रदेशातील इतर शहरांशी आणि त्याहीपेक्षा खेड्यांशी त्यांना व्यवहार बांधावा लागेल, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आणि त्यासाठी मुंबई महानगर प्रदेशाइतका बोलका नमुना देशात दुसरा नसेल.

हद्दीचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा

या प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत. बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. त्यांखेरीज अंबरनाथ, बदलापूर यांसारख्या नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती. दोन कोटींहून अधिक माणसांचा हा संसार आहे. रोज सकाळी कर्जत-कसाऱ्यापासून आणि विरारपासून लोकल गाड्या भरून माणसे निघतात, तेव्हा ती किती पालिकांच्या हद्दी ओलांडतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. माणसांच्या बाबतीत हा प्रदेश केव्हाच एक झाला आहे. पाण्याच्या बाबतीत तर तो पहिल्यापासूनच एक होता. विभागला आहे तो फक्त कारभार.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरातून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि पुढे ठाण्याच्या उत्तरेने वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. कर्जतच्या उतारावर झाड तुटले, बदलापूरच्या सखल जागेत भराव पडला, भिवंडीत गोदामांसाठी शेतजमीन काँक्रीटखाली गेली, तर त्याचा हिशेब शेवटी खालच्या गावाला चुकवावा लागतो. वालधुनी ही तिला मिळणारी लहानशी नदी. अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण या तीन शहरांतून वाहताना ती कारखान्यांचे रसायन व घरांचे सांडपाणी उचलीत जाते. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. प्रत्येक शहर वरच्या शहराकडे बोट दाखविते आणि आपली घाण खालच्या शहराकडे सोडते. हद्दीतल्या हद्दीत हे वर्तन गैर ठरतेच असे नाही. नदीच्या दृष्टीने मात्र ते निव्वळ अविचाराचे आहे.

एकाच शहरातून वाहणाऱ्या नदीचे तरी याहून बरे असावे. परंतु मिठीची लांबी जेमतेम अठरा किलोमीटर, आणि तीही दोघांत वाटलेली. सुमारे बारा किलोमीटर महानगरपालिकेकडे व मुखाजवळचे सुमारे सहा किलोमीटर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेले पाणी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाट काढीत माहीमच्या खाडीकडे जाते, तेव्हा ते कोणाच्या ताब्यातून कोणाच्या ताब्यात गेले, हे सांगण्यासाठी नकाशा उघडावा लागतो.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य कर्ब उत्सर्जनाचे उद्दिष्ट स्वीकारले. त्यामागील परिश्रम नाकारण्याचे कारण नाही. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो अशा नगरांच्या पंक्तीला मुंबई बसली, याचा अभिमानही वाटावा. पण तो आराखडा पश्चिमेस दहिसरला आणि पूर्वेस मुलुंडला थांबतो. तेथून पुढे ठाण्याची हद्द लागते, मीरा-भाईंदरची लागते. ऐरोलीच्या खाडीत भरतीचे पाणी चढते ते मुंबईच्या आणि नवी मुंबईच्या काठावर एकाच घटकेला चढते. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला ऑगस्ट २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. पक्षी दोन्ही काठांवर उतरतात. त्यांना दोन आराखडे वाचता येत नाहीत. मुंबईचे लंडनशी आणि टोकियोशी संधान जुळले, पण बदलापूरशी जुळले नाही, असे म्हणण्याची पाळी यावी हे विचित्र आहे.

ही निकड काल्पनिक नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पश्चिमेकडे गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेकडे ओडिशापर्यंत पसरलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखविले आहे. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्याचे बाष्प सह्याद्रीच्या कड्यावर येऊन आदळते आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारचा मोठा भाग अनेक दिवस पाण्याखाली राहिला आणि पश्चिम रेल्वेची वाहतूक नालासोपाऱ्याजवळ ठप्प झाली. त्याच्या दुसऱ्या वर्षी उल्हासचा पूर आला. पूर दरवर्षी नवा पत्ता शोधतो आहे आणि आपण मात्र दरवर्षी त्या-त्या पत्त्यावरच्या कचेरीला जाब विचारतो आहोत.

शहापूरचे ऋण

पुराची गोष्ट निदान दिसते तरी. टंचाईची गोष्ट शहराला दिसतही नाही, कारण ती शहराबाहेर घडते. मुंबईला सात तलावांचे पाणी मिळते. त्यांपैकी फक्त विहार व तुळशी हे दोन शहराच्या हद्दीत आहेत आणि एकूण पुरवठ्यात त्यांचा वाटा अडीच-तीन टक्क्यांचा आहे. उरलेले सारे पाणी तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा येथून, म्हणजे ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातून येते. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला येत आहे. जवळजवळ निम्मी गरज एकटे भातसा भागविते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तेथे उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होऊन मुंबईकडे धाव घेते.

ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक गावे व पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मोखाड्याची स्थिती याहून वेगळी नाही. जलवाहिनी दारावरून जाते आणि घरातला हंडा रिकामा असतो. डोंगरावरच्या पाड्यातली बाई खालच्या जलाशयाचे चकाकते पाणी पाहत एप्रिल-मे महिन्यांत झऱ्याच्या डबक्याजवळ वाटी-वाटीने हंडा भरते, हे दृश्य वर्तमानपत्रांच्या वाचकांना नवे नाही. नवे नाही, हीच खरी लाजेची गोष्ट आहे. धरण खाली, वस्ती वर आणि मधल्या योजनेला पैसा नाही, हे तांत्रिक स्पष्टीकरण ठरलेले असते. शंभर किलोमीटर अंतरावरून महानगराच्या विसाव्या मजल्यावर पाणी चढविणाऱ्या अभियांत्रिकीला शेजारच्या टेकडीवर ते चढविता येत नाही, यावर विश्वास कसा ठेवावा?

पावसाळा उशिरा येऊ लागला, उन्हाळा लांबू लागला, की हा ताण वाढणार. शहर आणखी एका धरणाची मागणी करणार, आणि त्याखाली पुन्हा कोणा आदिवासी पाड्याची जमीन जाणार. म्हणून शहरांच्या प्रादेशिक सहकार्याचा अर्थ महापौर-आयुक्तांच्या बैठका एवढाच घेऊन चालणार नाही. ज्या प्रदेशाच्या जिवावर शहर जगते, त्या प्रदेशाचा शहरावर हक्क असतो, हे तत्त्व प्रथम मान्य झाले पाहिजे. ते मान्य नसेल तर सहकार्य हा शब्द बलवानांनी आपसांत केलेल्या वाटणीपुरता उरेल.

गाडगीळांची दोन कामे

महानगराचा विचार प्रदेश म्हणून करावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई आणि पुणे यांच्या प्रादेशिक नियोजनाचा विचार करण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. धनंजयराव गाडगीळ होते. तिचा अहवाल १९६६ साली आला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा संमत झाला. गाडगीळांचे दुसरे काम तर सर्वश्रुत आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने उभा करून त्याचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. सहकार आणि प्रादेशिक नियोजन या दोन कल्पना एकाच बुद्धिमंताच्या ठायी नांदत होत्या. दुर्दैव असे की, आपण त्यांपैकी सहकार ग्रामीण भागाकडे दिला आणि नियोजन शहराकडे ठेविले. दोघांची गाठ पडलीच नाही.

१९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अस्तित्वात आले. प्रदेशाचा समतोल विकास घडवून आणण्यासाठी त्याचा जन्म होता. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, उड्डाणपूल झाले, मेट्रो आली. ही कामे सामान्य नव्हेत. परंतु प्रदेशाला जोडणे म्हणजे रस्ते आणि रूळ जोडणे, एवढाच अर्थ कालांतराने रूढ झाला. ज्या मिठीच्या मुखाशी भराव घालून व्यापारी संकुल उभारले, त्या मिठीचा पूर आवरण्याचे काम पुढे त्याच प्राधिकरणाच्या वाट्याला यावे, यात नियतीपेक्षा नियोजनाचाच विनोद अधिक आहे.

राज्यघटनेनेही मार्ग दाखविलेला आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी असे ठरविले. तिचे किमान दोनतृतीयांश सदस्य त्या क्षेत्रातील नगरसेवक व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावयाचे आहेत. पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी आणि पर्यावरणाचे संरक्षण या बाबींचा विचार करणे तिचे कर्तव्य आहे. म्हणजे आपण आज जे शोधीत आहोत ते घटनेत लिहून ठेवलेले आहे. परंतु ही समिती प्रदेशाच्या कारभारात कधी जाणवली नाही. त्यातच नवी मुंबई, वसई-विरार व कल्याण-डोंबिवली २०२० पासून आणि मुंबई-ठाणे २०२२ पासून वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिली. नगरसेवकच नसतील तर समितीवर निवडावयाचे कोणाला?

रूरच्या खोऱ्यातला धडा

असे सहकार्य व्यवहारात जमते काय, असा प्रश्न कोणी विचारील. जर्मनीच्या रूर प्रदेशात ते सव्वाशे वर्षांपासून जमलेले आहे. डॉर्टमुंड, बोखुम, एसेन, गेल्झेनकिर्शेन ही कोळशाची आणि पोलादाची नगरे. त्यांच्यामधून एम्शर नावाची नदी वाहते. खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत गटारे टिकेनात. सारे सांडपाणी नदीत आणि नदीचे पाणी वस्तीत, रोगराई ठरलेली. प्रत्येक शहर दुसऱ्याला दोष देत होते. अखेर १८९९ साली शहरे, खाणमालक व कारखानदार यांनी मिळून एम्शर सहकारी संघ स्थापन केला आणि १९०४ मध्ये त्याला कायद्याचे बळ मिळाले. ज्याचा नदीवर भार जास्त, त्याची वर्गणी जास्त, हे त्याचे साधे सूत्र.

संघाने प्रथम नदीला उघड्या गटाराचे रूप दिले, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी तोच उपाय होता. खाणी बंद पडल्यावर, १९९२ पासून, त्याच संघाने ती चूक निस्तरावयास घेतली. भूमिगत वाहिन्या टाकल्या, सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्ची घातले आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यापासून मुक्त झाली. मुंबई ज्या वर्षी बुडाली त्याच २००५ साली एम्शरकाठच्या नगरांनी आणखी एक करार केला. पंधरा वर्षांत पावसाच्या पाण्यापैकी पंधरा टक्के पाणी गटारांत न सोडता जमिनीत मुरवावयाचे किंवा ओढ्यांत वळवावयाचे. तीस वर्षांचे काम निवडणुकांच्या पाच वर्षांत मावत नाही. ते संघाच्या आयुष्यात मावले.

अमेरिकेतील दक्षिण फ्लॉरिडाचा अनुभव वेगळा, पण उपयुक्त आहे. पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड व मन्रो या चार परगण्यांनी २०१० च्या जानेवारीत हवामानविषयक करार केला. समुद्र किती चढेल याचे प्रत्येकाचे अंदाज निराळे होते. २०११ साली चौघांनी मिळून एकच अंदाज स्वीकारला. हा करार कायद्याने कोणावर बंधनकारक नाही. तरीही एक आकडा सर्वांनी मानला, की पूल किती उंच बांधावयाचा आणि किनाऱ्यावर कोठे बांधू नये याचे वाद निम्मे मिटतात.

काय करता येईल

आणखी एक प्राधिकरण कशाला, ही शंका रास्त आहे. प्राधिकरणांची आपल्याकडे वाण नाही. शिवाय मुंबईसारख्या धनाढ्य पालिकेच्या दडपणाखाली लहान नगरपालिका चिरडल्या जातील, ही भीतीही खोटी नाही. म्हणूनच वरून लादलेले प्राधिकरण नको, सभासदांनी चालविलेला संघ हवा. त्याचे बीज आपल्याकडे आहे. ठाणे, भिवंडी-निजामपूर व मीरा-भाईंदर या तीन महानगरपालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्या मालकीची 'स्टेम' ही पाणीपुरवठा कंपनी उल्हासचे पाणी उचलून सभासदांना पुरविते. नदीचे पाणी घेण्यासाठी चार संस्था एकत्र येऊ शकतात, तर नदी राखण्यासाठी का येऊ शकणार नाहीत?

उल्हास खोऱ्यातील सर्व नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि औद्योगिक वसाहती यांचा असा संघ महानगर नियोजन समितीच्या छत्राखाली स्थापन करावा. त्याने प्रथम पावसाची, नदीपातळीची आणि भरतीची एकच नोंद ठेवावी, आणि कर्जतला पाणी वाढले की कल्याणला कळण्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज पडू नये. समुद्राच्या व पुराच्या पातळीचा एकच अंदाज नऊही महानगरपालिकांनी आपल्या विकास आराखड्यांत वापरावा. निळ्या व लाल पूररेषेच्या आतील भरावाला परवानगी देण्याचा एकट्या पालिकेचा अधिकार संघाच्या संमतीने बांधला जावा, कारण भरावाचे उत्पन्न एका शहराला मिळते आणि त्याचे पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते. वर्गणी सांडपाण्याच्या आणि काँक्रीटखाली गेलेल्या जमिनीच्या प्रमाणात असावी.

आणि सर्वांत आधी, मुंबईच्या पाणीपट्टीतील एक निश्चित हिस्सा शहापूर, मोखाडा, वाडा या तालुक्यांतील वस्त्यांच्या पाणीयोजनांसाठी व तेथील जंगलासाठी कायद्याने राखून ठेवावा. तो अनुदान म्हणून देऊ नये, देणे म्हणून द्यावा. मुंबईच्या नागरिकाला हजार लिटरमागे पडणारा भार नगण्य असेल. पाड्यातल्या बाईचे मात्र वर्षातले चार महिने मोकळे होतील. पाणलोटातील जंगल राखणारा माणूस तेथे टिकला, तरच तलावात पाणी टिकेल, हा त्यातला स्वार्थही विसरू नये.

धुळे-नाशिककडील पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी फड पद्धतीत शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या एका बंधाऱ्याचे पाणी आपसांत वाटून घेतले. कोणत्या फडात कोणते पीक, पाणी कोणाला केव्हा, पाटाची डागडुजी कोणी करावयाची, हे सर्वांनी मिळून ठरविले. त्यांच्यापाशी कृती आराखडे नव्हते. वरच्याने पाणी अडविले तर खालचा मरतो आणि खालचा मेला तर बंधारा राखावयास कोणी उरत नाही, एवढे त्यांना कळत होते. नऊ महानगरपालिकांना ते कळावयास आणखी किती पावसाळे लागणार, हे उल्हास सांगणार नाही. ती फक्त पुन्हा येईल.